वाचकांचे प्रश्न: दादाचा स्कोर १४ खरा का ११?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही परभणी जिल्ह्यातले. माझ्या दादाला एससीए-२ आहे, म्हणजे लहान मेंदू हळूहळू झिजून तोल जातो तो घराण्यातून येणारा आजार. आमच्या अण्णांनापण हेच होतं, चालताना झोक जायचा अन् लोक म्हणायचे पिऊन आला. दिवाळीत एका डॉक्टरांनी सारा स्केलवर १४ लिहून दिले, आता उन्हाळ्यात दुसरीकडं दाखवलं तर ११ आले. मधे एक महागाची पावडर चालू केलीय. दादा म्हणतो फरक पडला, वहिनी पुढच्या डब्यांसाठी दोन एकर गहाण ठेवायचं म्हणायलीय. खरंच फरक पडला का?

उत्तर: ताई, आधी जमिनीचं थांबवा, मग बाकीचं बोलू.

सारा म्हणजे ४० पैकी मार्क, पण शाळेच्या उलटं, जितके जास्त तितका तोल वाईट. चालणं, उभं राहणं, बसणं, बोलणं आणि हातापायाच्या ४ टेस्ट. २००६ साली युरोपातल्या डॉक्टरांनी हे आणलं तेव्हा नुसता फॉर्म छापून सोडला नाही, एकाच पेशंटला दोघांनी तपासलं तर मार्क जुळतात का, तोच पेशंट परत तपासला तर तेवढेच येतात का, ज्याचा आजार वाढलाय त्याचे मार्क खरंच जास्त येतात का हे सगळं बघितलं. ह्यालाच व्हॅलिडेशन म्हणतात, मोंढ्यात पोतं चढवायच्या आधी आपण काटा शून्यावर आहे का बघतो तसंच. तपासणाऱ्यांमधला मेळ ०.९८ निघाला, १ म्हणजे तंतोतंत.

पण हा मेळ टेस्ट नियमानं केली तरच. मांडीवर तळहात पालथा-उताणा १० वेळा करायचा, तो दोन्ही हातांनी वेगवेगळा, मग सरासरी. घाईत एकच हात बघितला की मार्क हलले. बोलण्याचे ६ मार्क तर ऐकणाऱ्याला किती कळलं ह्यावर जातात, आणि ज्याच्या कानाला आपली मराठवाडी बोली नाही त्याला दादाचं बोलणं आजारामुळं कळंना का बोलीमुळं, हे कोण ठरवणार? ही गोष्ट मला फार टोचते. माझ्याकडं एकजण रात्रभर एसटीत बसून आला होता, सकाळी टाचेला अंगठा लावून १० पावलं टाकायला सांगितली तर तिसऱ्यालाच भिंत धरली, दुपारी जेवून झोपून उठला अन् त्याच व्हरांड्यात सात पावलं मोकळा चालला. औषध काहीच दिलं नव्हतं.

आता तुमचं १४ आणि ११. एससीए-२ मधे स्कोर वर्षाला सरासरी दीडेक मार्कानं वाढतो, युरोपात पेशंटना वर्षानुवर्षं तपासून हे काढलंय. मग सहा महिन्यात ३ नी उतरला तर मी आधी तपासणारा बदलला का, वेळ कोणती होती, प्रवास किती झाला हे विचारीन, पावडरीला श्रेय देणार नाही, कारण हा आजार उलटवणारं औषध आजतरी नाही. दादा मधे फिजिओथेरपी करत होता का? तोलाचा व्यायाम सलग चार आठवडे नेटानं केला तर स्कोर उतरतो हे मात्र दिसलेलं आहे, आणि त्याला जमीन लागत नाही.

पुढच्या वेळी एकाच डॉक्टरकडं जा, आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा, आणि नुसती बेरीज घेऊन येऊ नका, आठही टेस्टचे मार्क वेगवेगळे लिहून मागा. दिवाळीचा कागद असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा, तीन मार्क नेमके कुठं कमी झाले. बोलण्यात झाले असतील तर मला परत लिहा.