सकाळची इडली संध्याकाळी उलटीत, आणि दोष मात्र पित्ताला

प्रश्न : आमच्या ह्यांचं वय ५४. सात महिन्यांपूर्वी चेन्नईला दोन्ही फुप्फुसं बदलली. श्वास एकदम छान झालाय, जिना चढतात, आम्ही सगळे खूश होतो. पण गेले तीन महिने चार घास खाल्ले की पोट डब्ब. आंबट ढेकर, रात्री झोपेत ठसका, आणि परवा तर सकाळी खाल्लेली इडली संध्याकाळी उलटीत तशीच्या तशी पडली. शेजारी म्हणतात पित्त आहे, ओव्याचा काढा द्या. नवं फुप्फुस शरीराने नाकारू नये म्हणून जी टॅक्रोलिमसची गोळी देतात, तिची रक्तातली लेव्हलपण कधी वर कधी खाली येते, डॉक्टर विचारतात गोळ्या चुकवता का, तर हे चिडतात. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर पोटाची तक्रार काय सांगायची असं त्यांना वाटतं. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी त्यांना सांगा की ही तक्रार सांगायचीच आहे, आणि पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता ट्रान्सप्लांट टीमला उद्याच फोन करून सांगायची आहे. आठ-नऊ तासांनी उलटीत ओळखू येणारी इडली पडते याला पित्त म्हणत नाहीत हो, पित्ताची उलटी हिरवट-पिवळी कडू पाण्यासारखी असते. तुम्ही लिहिलंय त्यावरून जठर वेळेवर रिकामं होत नाहीये असं वाटतं, याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात, आणि फुप्फुस बदललेल्यांमध्ये ते बरंच दिसतं.

आता छातीच्या ऑपरेशनचा पोटाशी काय संबंध, तर व्हेगस नावाची नस मेंदूतून निघते ती फुप्फुसांच्या मुळाशी चिकटून, अन्ननलिकेला धरून खाली जठरापर्यंत जाते आणि जठराला घुसळायचा हुकूम तीच देते. जुनं फुप्फुस काढताना तिला ताण बसू शकतो, कधी इजा होते. सर्जनने चूक केली असा याचा अर्थ लगेच काढू नका, जागाच तशी अडचणीची आहे. नस सावरली तर काही महिन्यांत सुधारतं, काहींना मात्र तक्रार राहते.

मला जास्त काळजी रात्रीच्या ठसक्याची वाटतेय. जठरात साठलेलं अन्न आणि आम्ल आडवं पडलं की वर येतं आणि त्याचे थेंब श्वासनलिकेत उतरतात, खोकला आला नाही तरी उतरतात. नव्या फुप्फुसाला हे अजिबात सोसत नाही, क्रॉनिक रिजेक्शनशी, म्हणजे शरीर नवं फुप्फुस हळूहळू नाकारतं त्याच्याशी, याचा संबंध जोडला जातो. म्हणून टीमला सांगताना 'ॲसिडिटी होते' एवढंच सांगू नका, ठसका आणि इडली दोन्ही सांगा. आणि लेव्हलचं कोडं पण इथंच सुटू शकतं, गोळी आतड्यात पोचल्यावर शोषली जाते, ती जठरातच ताटकळली तर रक्तात लेव्हल कशी सरळ येणार? ह्यांची बाजू खरी असू शकते, हे त्यांना जरूर वाचून दाखवा. गोळीनंतर उलटी झाली तर मात्र मनाने दुसरी देऊ नका, फोन करून विचारा.

तपासणीत आधी बहुतेक एंडोस्कोपी होईल, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून बघतात, वाट कुठे अडलेली नाही ना आणि सीएमव्ही व्हायरसची (प्रतिकारशक्ती दाबलेली असली की हा डोकं वर काढतो) सूज नाही ना हे बघायला. रात्रभर उपाशी राहूनही आत अन्न दिसलं तर अर्धं उत्तर तिथंच मिळतं. मग गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन, त्यात अंड्याचा पांढरा भाग किंवा आपल्याकडे काही ठिकाणी इडली, किंचित किरणोत्सारी पदार्थ घालून खायला देतात आणि ४ तास फोटो काढतात. ४ तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त उरलं तर जठर मंद आहे. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं जठर आणखी मंद करतात, तेव्हा घेत असतील तर आधी सांगा.

केमिस्टकडून परस्पर उलटीची गोळी आणू नका, हे मी हात जोडून सांगते. एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने जठर हलतं पण टॅक्रोलिमसची लेव्हल उसळते. डॉमपेरिडॉन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, त्यात बुरशीसाठी व्होरिकोनाझोल चालू असेल तर धोका वाढतो. मेटोक्लोप्रमाइड जास्त दिवस घेतलं तर तोंडाच्या, हातापायांच्या नको त्या हालचाली सुरू होऊन कायमच्या राहू शकतात. ही औषधं वापरतात, पण टीमने ठरवून. काढा नको, गुळवेल तर नकोच, ती प्रतिकारशक्ती चाळवते आणि आपण तीच दाबून ठेवलीय.

घरी काय करता येईल, तर दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. मऊ भात, मुगाचं घोटलेलं वरण, नाचणीची पातळ पेज, शिजवून कुस्करलेला दुधी. पातळ पदार्थ जठरातून लवकर सुटतात. मेथी, शेवग्याच्या शेंगा, मोडाची उसळ, तळण आणि तर्रीची मिसळ सध्या बंद (नाशिककरांना हे सांगताना मलाच वाईट वाटतं). जेवल्यावर थोडं चाला, तीन तास आडवं पडू नका, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. आणि एक गंमत, ग्रेपफ्रूट बंद म्हटल्यावर लोक द्राक्षं बंद करतात! ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाचा भाऊबंद, ती दोन्ही टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवतात, द्राक्षं नाही वाढवत. चार द्राक्षं धुऊन, साल काढून खुशाल खाऊ द्या.

एवढ्यानं भागलं नाही तर जठराचं खालचं दार एंडोस्कोपीने सैल करणं, आतड्यात नळीने अन्न देणं, आम्ल वर येऊ नये म्हणून ऑपरेशन, असे पुढचे रस्ते आहेत. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा, घरच्या स्पायरोमीटरचे (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायचं यंत्र) आकडे पडत असतील तर त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : किडनी ट्रान्सप्लांटला ४ वर्षं झाली, डायबेटीस १८ वर्षांचा. जेवायच्या आधी इन्सुलिन घेतलं की जेवूनसुद्धा शुगर ५५ पर्यंत खाली येते आणि मध्यरात्री ३०० होते. असं उलटं कसं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उलटं नाहीये दादा, इन्सुलिन वेळेवर पोचतं आणि जेवण उशिरा. जुन्या डायबेटीसनेही तीच व्हेगस नस खराब होते, त्यामुळे जेवण जठरात अडकून बसतं आणि इन्सुलिनचा जोर ओसरल्यावर खाली उतरतं. शुगर ५५ आली की ग्लुकोज पाण्यात विरघळवूनच घ्या, बिस्किट नको, तेही अडकेल. इन्सुलिनची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या, मनाने डोस बंद करू नका. आणि वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन मध्ये कुणी सुरू केलं असेल तर ते जठर मंद करतं, तेव्हा ते कधी सुरू झालं आणि ही तक्रार कधी सुरू झाली, या दोन तारखा कागदावर लिहून न्या.