कुंदा किती वेळा लिहावा?

प्रश्न : बेळगावात शहापूर भागात आमचे कुंद्याचे, म्हणजे दूध आटवून केलेल्या मिठाईचे, लहानसे दुकान आहे. दिवाळीपूर्वी मुलाने दुकानाचे संकेतस्थळ करून घेतले. मजकूर मी लिहून दिला होता, परंतु संकेतस्थळ तयार करणाऱ्यांनी तो ‘एसईओ’साठी, म्हणजे गूगलच्या शोधात पान वर यावे यासाठी, म्हणून बदलला आणि आता पहिलेच वाक्य असे आहे : ‘बेळगाव कुंदा ऑनलाइन हवा असल्यास बेस्ट बेळगाव कुंदा म्हणजे आमचा बेळगाव कुंदा शहापूर बेळगाव.’ पुढे पानभर हेच. असे लिहिल्याशिवाय गूगल आपल्याला वर दाखवत नाही, असे ते सांगतात. कोल्हापूरच्या बहिणीने ते वाचून ‘हे तू लिहिलेस?’ असे विचारले, तेव्हा ओशाळल्यासारखे झाले. गिऱ्हाईक हवे तर असेच लिहावे लागते का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपण पाठवलेले वाक्य मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्यातले क्रियापद शोधत राहिले. असे लिहावे लागत नाही; उलट, त्याने नुकसान होण्याचीच शक्यता अधिक आहे.

एकच शब्द पानात किती वेळा आला हे मोजून मजकूर लिहिण्याची रीत शोधयंत्रांच्या सुरुवातीच्या काळातली आहे. पानाच्या आत दडवून ठेवायच्या शब्दांच्या यादीचा उपयोग आपण शोधातल्या पानांचा क्रम लावताना करत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले होते, आणि वाचकाला उपयोग नसताना शब्द कोंबणे हा प्रकार तर त्यांच्या नियमावलीत गैरप्रकारांमध्येच मोडतो, ज्यामुळे पान वर येण्याऐवजी खाली ढकलले जाऊ शकते. 2019 च्या अखेरीस मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत गूगलने ‘बर्ट’ ही पद्धत शोधासाठी लागू केली. तिच्यात सुटे शब्द जुळवण्यापेक्षा वाक्यात एका शब्दाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे, याकडे लक्ष दिले जाते. आपल्या त्या वाक्यात असा संबंधच उरलेला नाही.

मराठीपुरती आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते खरे दुखणे तेच आहे. इंग्रजीत नाम जसेच्या तसे राहते. आपल्याकडे ‘कुंदा’चे ‘कुंद्याचा’, ‘कुंद्याला’, ‘कुंद्यात’ होते आणि ‘बेळगाव’ला ‘बेळगावचा’ व्हावेच लागते. इंग्रजीत शिकलेला एसईओवाला या प्रत्ययांना घाबरतो, शोधणाऱ्याने टंकलेले रूप हुबेहूब राहावे म्हणून प्रत्यय तोडतो, आणि मग ‘कुंदा शहापूर बेळगाव’ असे पाकिटावरच्या पत्त्यासारखे काहीतरी तयार होते. मूळ रूपे पानात असावीत, हे त्याचे म्हणणे चूक नाही. परंतु ती शीर्षकात, उपशीर्षकात, दरपत्रकात आणि छायाचित्राच्या वर्णनात आपोआपच येतात. वाक्यात प्रत्यय लावायला कोणाचीही हरकत नसावी.

आपल्या भागापुरती एक अडचण मात्र खरी आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. आपण ‘बेळगाव’ म्हणतो. पुण्या-मुंबईचे कित्येक जण आजही रोमन लिपीत जुने इंग्रजी नाव टंकतात. नावाच्या वादात या सदराला पडायचे नाही, गिऱ्हाईक कोणत्या नावाने शोधते एवढेच आपण पाहावे. मजकुरात आपल्या तोंडचे नाव ठेवावे आणि दुकानाच्या पत्त्यात व संपर्काच्या पानावर बाकीची रूपे, रोमनमधली धरून, एकेकदा द्यावीत. तिथे ती कोणाला खटकणार नाहीत.

शोधणाऱ्याला जे विचारायचे असते ते दुकानाच्या फोनवर रोज विचारले जातच असेल : कुंदा किती दिवस टिकतो, फ्रिजमध्ये ठेवावा लागतो का, पुण्याला कुरिअरने पाठवता का, अर्धा किलोला किती पडतात. अशा प्रत्येक प्रश्नाचे उपशीर्षक करून खाली दोन-तीन सरळ वाक्यांत उत्तर लिहिले, तर लोक ज्या शब्दांत शोधतात ते शब्द कोंबावे न लागता पानात येतात. (भाव बदलला की तेथेही बदलावा, जुना भाव वाचून आलेल्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यात सकाळ जाते.) पानाच्या शीर्षकात ‘बेळगावचा कुंदा’ आणि दुकानाचे नाव एवढे पुरेसे आहे. शोधात शीर्षकाखाली दिसणाऱ्या वर्णनाचा क्रमाशी संबंध नसतो. परंतु ते वाचून माणूस आत येतो किंवा येत नाही, म्हणून ते आपण स्वतः लिहावे.

गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे साधन विनामूल्य आहे. लोक कोणते शब्द टंकून आपल्या पानापर्यंत आले, हे त्यात दिसते. मुलाला ते जोडून घ्यायला सांगावे आणि दोन-तीन महिन्यांनी ती यादी पाहावी. नवे उपशीर्षक कोणते हवे, हे तिच्यावरून ठरवता येईल.

आपण प्रथम लिहून दिलेला मजकूर जपून ठेवला असेल, तर तोच पुन्हा चढवायला सांगावा. नसेल, तर दूध किती वेळ आटवता, साखर कितपत तांबूस झाली की कढई उतरवता, हे बहिणीला फोनवर जसे सांगाल तसे सांगावे आणि फोन ठेवल्यावर लगेच लिहून काढावे.