पोरगी दिवसभर एकच उदास गाणं ऐकते, काळजी करायची का?

हा प्रश्न आईवडील हमखास विचारतात म्हणून एका मुलीचं सांगते, तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

मुलगी अकरावी सायन्सला, घरात तेलुगू, वडिलांचा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना. आई आली ती कागद घेऊनच. मुलगी ऐकते त्या इंग्रजी गाण्याचे शब्द तिनं भाच्याकडून मराठीत लिहून घेतले होते. गाणं असं की एक लहान मूल कपाटात लपून बसलंय, बाहेर सगळे त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या मुलाचे लाड करतायत आणि ह्याला शोधायला कुणीच येत नाही. त्या "कुणीच येत नाही" खाली लाल पेनानं रेघा मारलेल्या. "मॅडम, हे आमच्यावरच हाय की ओ, आम्ही कुठं कमी पडलो सांगा."

मुलीला मी गाण्याचा अर्थ विचारलाच नाही, अर्थ विचारला की पोरं पेपरात लिहिल्यासारखं उत्तर देतात. म्हटलं, तुला आवडतं तेवढंच ऐकव. तिनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि अंगठ्यानं गाणं सरळ पुढं सरकवलं, आईनं रेघा मारलेलं कडवं ओलांडून पार शेवटाकडं, जिथं ते मूल कपाटात बसल्या बसल्या मोठमोठ्यानं गायला लागतं, आणि तेवढं संपलं की परत मागं, परत तेच. आई ज्या ओळीनं रडत होती तिथं पोरगी थांबतच नव्हती!

बराच वेळ गप्प बसून मग म्हणाली, मी लहानपणी कारखान्यात गायचे. मागांची खटखट ज्यांनी ऐकलीय त्यांना माहितीय, शेजारच्या माणसाशी पण ओरडून बोलावं लागतं. तिथं सुताच्या पोत्यांवर बसून ही घसा बसेपर्यंत गायची, कुणाला काही ऐकू जायचं नाही. मग घर होटगी रोडला फ्लॅटमध्ये गेलं, दहावीला मार्क भारी पडले आणि ती सगळ्यांची शांत, अभ्यासू मुलगी झाली. ही गाणारी पोरगी घरात कुणाला माहितीच नाही.

डोनाल्ड विनिकॉट म्हणून इंग्लंडमधले मुलांचे डॉक्टर आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी १९६० मध्ये खरा स्व आणि खोटा स्व यावर लिहिलं. हा खोटा स्व लबाड नसतो हो, आतल्या नाजूक माणसासाठी ठेवलेला राखणदार असतो तो, आणि थोडाफार सगळ्यांकडं असतोच, चारचौघांत आपण जरा सांभाळून बोलतो ते त्याच्याच जोरावर. पण घरचे त्या राखणदारालाच मालक समजायला लागले की आतला गुदमरतो. पुढं १९६३ मध्ये त्यांनीच म्हटलंय की लपण्यात आनंद आहे, पण कुणी शोधलंच नाही तर अनर्थ. लपाछपी खेळलेल्या कुठल्याही पोराला हे पटेल. मला तर हिच्या गाण्याचा सगळा अर्थ तिथंच सापडला.

म्हणून आईबाबांनो, शब्दांखाली रेघा मारू नका, मोबाईल काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि "ह्यातलं तुला कुठलं आवडतं, लाव की" एवढंच म्हणा. उदास गाणं ऐकणं म्हणजे आजार नाही. पण दोन आठवडे झाले तरी झोप, भूक बिघडलेलीच, मैत्रिणी सुटल्या, आवडीचं काही नको वाटतंय असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, आणि जगायचंच नाही अशी भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो.

हिच्यात तसलं काही नव्हतं. क्लास सुटला की हल्ली ती वडिलांबरोबर कारखान्यात जाते. आईचं म्हणणं अभ्यास मागं पडतोय, मुलीचं म्हणणं तासभर तरी पाहिजेच, आणि पुढच्या भेटीला दोघी एकत्र येणार आहेत ते ह्याच तासावरून.