मे महिन्यात मीटिंग आहे, सूट घालू का?

प्रश्न: ताई, माझं हिंगण्याला छोटं युनिट आहे, पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत परचेसवाल्यांसोबत पहिल्यांदाच मीटिंग लागली आहे, तीही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या भर उन्हाच्या नऊ दिवसांत. मित्र म्हणतात सूट-टाय पाहिजेच, नाहीतर कोणी सिरियसली घेणार नाही. लग्नातला सूट आहे पण आता ढिला होतो. आणि जाणार बाइकवर. काय घालू?

उत्तर: भाऊ, सूट कपाटातच राहू द्या. मी स्वतः चौदा वर्षं एका कंपनीच्या परचेसमध्ये टेबलाच्या त्या बाजूला बसले, सप्लायर सूटमध्ये आला म्हणून ऑर्डर दिली असं एकदाही झालं नाही. पण 45 डिग्रीत कोट घालून आलेला माणूस पहिली दहा मिनिटं घामच पुसत बसतो, रेट सांगताना त्याचं अर्धं लक्ष रुमालात असतं, हे मात्र खूपदा पाहिलं आणि दर वेळी वाईट वाटलं.

पांढरा फुल शर्ट घाला, कॉटनचा. फिकट निळा किंवा राखाडी नको, त्यावर घाम लगेच दिसतो. आत बाह्यांचं बनियन घाला म्हणजे काखेतला घाम तिथेच जिरतो. लिनन चांगलं असतं पण गाडीवर बसून त्याच्या पार सुरकुत्या होतात. खाली गडद निळी नाहीतर काळपट राखाडी फॉर्मल पँट, जीन्स नको. बेल्ट आणि बूट एकाच रंगाचे. बुटांना आदल्या रात्रीच पॉलिश करून ठेवा आणि टाच झिजली असेल तर मोच्याकडून बसवून घ्या, साठ-सत्तर रुपयांसाठी राहू देऊ नका. मोजे पोटरीपर्यंतचे घ्या, नाहीतर खुर्चीत बसलं की पाय उघडा दिसतो.

आणि शर्टाचा खिसा रिकामा ठेवा. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे पांढऱ्या शर्टाच्या खिशातून खर्र्याची (सुपारी-तंबाखूची) पन्नी आरपार दिसते, समोरचा काही बोलत नाही पण त्याला दिसलेली असते. खात असाल तर त्या दिवशी सकाळपासून बंद.

आता जायचं कसं. माझं ऐकाल तर बाइक लोकमान्य नगर स्टेशनला लावा, मेट्रोने सीताबर्डीला या, तिथे गाडी बदलून खापरीपर्यंत, पुढे ऑटो. डबा एसी असतो, शर्ट कोरडा राहतो. बाइकनेच जायचं असेल तर जुना टी-शर्ट घालून, तोंडाला दुपट्टा बांधून निघा, इस्त्रीचा शर्ट बॅगेत घ्या आणि अर्धा तास आधी पोहोचून तोंड धुवून तिथेच बदला. सेंट अगदी थोडा मारा, एसीच्या बंद खोलीत उग्र वास डोक्यात जातो.

तो सूट टेलरला दाखवून घ्या, डिसेंबरात कामी येईल. कंबर आणि बाह्या तो बसवून देतो, पण खांदाच ढिला असेल तर खर्च करू नका, ते काम सहसा नीट होत नाही. कोटाला मागे खाली जी चीर असते तिथे फुलीसारखा दोरा टाकलेला असतो, तो फक्त दुकानापर्यंत कोट नीट राहावा म्हणून असतो. कित्येक जण तो तसाच ठेवून लग्नं पार पाडतात! तुमचाही राहिला असेल तर कापून टाका, बाहीवरचा कंपनीचा पट्टा पण उसवा.

प्रश्न: कर्जासाठी बँकेत मॅनेजरला भेटायचं आहे, साडी नेसलीच पाहिजे का? (धरमपेठ)

उत्तर: अजिबात नाही गं, ज्यात तू मोकळी बसशील ते घाल. कॉटनचा कुर्ता-सलवार चालतो. साडीच नेसायची असेल तर आपल्या भंडाऱ्याकडची करवतकाठी टसर बघ, तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, रंग शांत आणि काठ सुरेख. फक्त पदर पिन करून घे, फाइल उघडताना सारखा सावरावा लागू नये. आणि ती घरी एकदा नेसून, बसून, कागद काढून बघ.