पाठीखालचं पीस काय कामाचं?

प्रश्न : दादा नमस्कार, मी अचलपूर तालुक्यातला. आम्ही मित्र मित्र हिवाळ्यात बॅगा पाठीवर टाकून फिरत असतो, मागं पचमढी झालं, औंदा डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठाचं ठरून राहिलं, तेही सगळं सामान आपलं आपणच उचलून. माझी स्लीपिंग बॅग दोन किलोची आहे अन् तिच्यात जीव कोंडते, कूस बदलली की चेन तोंडावर येते. एक जण म्हणे डाउन क्विल्ट घे, म्हणजे पिसांची रजई, अर्ध्या वजनात भागते. पण तिला खालून काहीच नसते म्हणे! मग पाठ गारठत नसन काय? अन् एवढा पैसा लावायचा तर तीच जागलीलाही चालन काय, आमच्या हरभऱ्यात डुकरं लय येतात.

उत्तर : पाठीचं आधी बघू, कारण बाकी सगळं तिथंच अडकलंय. डाउन म्हणजे बदकाच्या नाहीतर हंसाच्या मोठ्या पिसांखालचा कापसागत मऊ थर, त्याला दांडी नसते. तो फुलतो, त्यात हवा अडकते आणि ऊब त्या हवेचीच असते. आता स्लीपिंग बॅगेत तुम्ही पाठीवर झोपलात की खालचं डाउन तुमच्याच वजनानं चपटं होतं, हवा गेली, ऊबही गेली, म्हणजे तेवढा माल तुम्ही डोंगरावर फुकटच वाहून नेला. क्विल्टवाल्यांनी तो भागच काढून टाकला, सोबत डोक्याची टोपी गेली आणि बहुतेक वेळा चेनही गेली. पायाकडं पिशवीसारखं बंद, वर उघडं, आणि बाजूला पट्टे, ते खाली अंथरायच्या मॅटला बांधायचे म्हणजे कड सरकत नाही.

मग पाठीला ऊब कोण देतं? मॅट. लोक क्विल्टवर भरमसाठ पैसे घालतात आणि खाली योगाची पातळ चटई टाकतात, मग रात्रभर कुडकुडून क्विल्टला शिव्या देतात! मॅटवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो, जितका जास्त तितकी जमिनीची थंडी कमी लागते. घडीच्या फोम मॅटचा साधारण 2 असतो, आपल्याकडच्या हिवाळ्याला तो पुरतो. पारा शून्याच्या आसपास जाणार असेल तर 4 तरी बघा, बर्फावर 5 च्या पुढं. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते, त्यामुळं जुनी फेकू नका. नुसती हवा भरायची, आत काहीच नसलेली मॅट मात्र थंडीत घेऊ नका, पोकळ फुग्यावर झोपल्यासारखं होतं, आतली हवा फिरत राहते आणि पाठ गार ती गारच.

तुमच्यासारख्या कुशीवर झोपणाऱ्याला क्विल्ट मानवते, पण रुंद घ्या, वीसपंचवीस ग्रॅम वाचवायला अरुंद घेतली तर वळताना बाजूनं वारा शिरलाच म्हणून समजा. डोक्याला माकडटोपी पाहिजेच. फिल पॉवर 800 लिहिलं की दुकानदार लय भाव खातो, पण तो आकडा फक्त डाउन किती फुलतं ते सांगतो (साधारण 28 ग्रॅम डाउन किती घनइंच जागा व्यापतं ते), आत भरलंय किती ग्रॅम हे वेगळं विचारा. तापमानाचंही तसंच, स्लीपिंग बॅगेसाठी आयएसओ 23537 ही ठरलेली चाचणी आहे, क्विल्टवर मात्र बरेचदा कंपनीनं स्वतःच लावलेला आकडा असतो, म्हणून पाचसहा डिग्री हातचे धरूनच घ्या.

आणि केदारकंठा? डिसेंबरात तिथं बर्फ, शिखर साडेबारा हजार फुटांवर. पहिलीच क्विल्ट घेऊन थेट तिथं जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, तिथं टोपीवाली बॅगच बरी, वजन गेलं खड्ड्यात. क्विल्ट आधी चिखलदऱ्याला कोणाच्या ओळखीच्या वावरात नाहीतर घराच्या गच्चीवर वापरून बघा (मेळघाटात मनाला येईल तिथं तंबू टाकायचं डोक्यातही आणू नका, व्याघ्र प्रकल्प आहे तो). गच्चीला हसू नका, 29 डिसेंबर 2018 ला नागपुरातच पारा 3.5 वर उतरला होता.

जागलीला? नाही ना भाऊ. शेकोटीची एक ठिणगी उडाली की त्या पातळ नायलॉनला भोक, मग रात्रभर डाउन उडत बसते. वर पहाटेचं दहिवर. मचाणावर आपली जाड वाकयच (गोधडी) बरी, ठिणगी पडली तर झटकता येते.

प्रश्न : आमच्या घरी सगळे माळकरी. पोरानं पिसांची रजई आणायची म्हटलं तर आई घरात घेईन काय?

उत्तर : आईंच्या वतीनं मी काय सांगणार! माहिती एवढीच की बहुतेक डाउन मांसासाठी पाळलेल्या बदक-हंसांचंच असतं. काही ठिकाणी जिवंत पक्ष्याचंही उपटतात, ते टाळायला 2014 पासून रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड नावाचा शिक्का आहे. पण माळकऱ्याच्या मनाचं समाधान त्यानं होणार नाही, तर सिंथेटिक क्विल्ट घ्या. थोडी जड, घडी मोठी, पण ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. नागपंचमीला पचमढीजवळच्या नागद्वारला जाणाऱ्यांना तर मी तीच सांगतो, श्रावणातल्या त्या पावसात भिजलेलं डाउन म्हणजे नुसते गोळे.

प्रश्न : धुवायची कशी?

उत्तर : कमीत कमी. साध्या पावडरीनं नको, डाउनचा वेगळा साबण मिळतो. टबात हळू दाबून धुवा, पिळू नका, उचलताना खालून दोन्ही हातांनी उचला नाहीतर ओल्या वजनानं आतली शिवण फाटते. ड्रायर नसेल तर खाटेवर पसरून सावलीत वाळवा, दोनतीन दिवस लागतात, मधूनमधून गोळे बोटांनी मोकळे करत राहा. पूर्ण वाळल्याशिवाय ठेवू नका, आणि ठेवताना पिशवीत कोंबून नाही, सुती खोळीत मोकळी, उंदरांपासून लांब.