व्हॅनिलिन, संत्र्याचं तेल आणि शेअरचा भाव: वाचकांचे प्रश्न

स्वाद-घटक बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवरून छोट्या गुंतवणूकदारांमध्ये सध्या दोन तट आहेत. एक म्हणतो, चिनी व्हॅनिलिनवर (व्हॅनिलाचा स्वाद देणारं रसायन) युरोपने शुल्क लावलं, आता मागे वळून पाहायला नको. दुसरा म्हणतो, हे शेवटी रसायनच, भाव पडला की नफाही पडणार. बहुतेक पत्रं याच वादातली आहेत.

प्रश्न: युरोपियन युनियनने चिनी व्हॅनिलिनवर १३१.१ टक्के अँटी-डंपिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयातीवरचं शुल्क) लावलं. कॅमलिन फाइन सायन्सेसचा गुजरातमधला दहेजचा व्हॅनिलिनचा कारखाना वर्षाला ६,००० टनांचा आहे. १३१ टक्क्यांचं संरक्षण म्हणजे नफा दुप्पट धरायला हरकत नाही ना?

हरकत आहे. शुल्क लागतं ते चिनी मालाच्या आयात किमतीवर. चिनी माल किलोला १० युरोने येत असेल, तर शुल्कासह तो २३.११ युरोला पडेल. पण याचा अर्थ दहेजच्या मालाला २३ युरो मिळतील असा नाही. फ्रान्समध्ये सिएन्स्को (सॉल्व्हेतून वेगळी झालेली) आणि नॉर्वेत लाकडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन काढणारी बोरेगार्ड आहे. ग्राहक त्यांच्याकडूनही भाव मागवतो. शुल्काने छत उंचावतं. भाव त्या छताखाली कुठे थांबेल, हे या दोन-चार विक्रेत्यांपैकी किती जणांना माल खपवायची घाई आहे त्यावर ठरतं.

दुसरी अडचण वेळेची. चौकशी २०२४ मध्ये सुरू झाली आणि अंतिम शुल्क २०२५ मध्ये आलं. मधल्या काळात शहाणा आयातदार गोदाम भरून ठेवतो, कारण बंद पिशवीतलं व्हॅनिलिन दोन-तीन वर्षं सहज टिकतं. म्हणून शुल्क जाहीर झाल्यावर पहिल्या एक-दोन तिमाहीत ऑर्डरी वाढल्या नाहीत, तर त्यावरून डाव फसला असं ठरवू नका.

तिसरी बाब ग्राहकाच्या मंजुरीची. चॉकलेट किंवा बिस्किटाची मोठी कंपनी पुरवठादार फोनवर बदलत नाही. आधी नमुना, मग प्रयोगशाळेतली तपासणी, मग वास ओळखणाऱ्या पॅनेलची चाचणी, मग कारखान्याचं ऑडिट आणि शेवटी प्रत्यक्ष उत्पादनातली एक खेप. सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष यात जातं. इथे घसरतं ते बहुधा शुद्धतेवर. ग्वायाकॉल या रसायनापासून बनवलेल्या व्हॅनिलिनमध्ये ग्वायाकॉलचा अंश राहिला, तर धुरकट, औषधी वास येतो. कागदावर ९९ टक्क्यांच्या वर शुद्धता असलेली खेपही त्यामुळे परत येते. व्यवस्थापनाला विचारण्याजोगा प्रश्न ‘क्षमता किती’ हा नाही. किती मोठ्या ग्राहकांची मंजुरी पूर्ण झाली आणि किती अजून चाचणीत आहेत, हे विचारा.

मात्र खप वाढला तर नफा झपाट्याने वाढतो, हे आशावाद्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. निव्वळ हिशेबापुरता आकडा घेऊ: वर्षाचा स्थिर खर्च ९० कोटी. ३,००० टन विकले तर किलोमागे ३०० रुपये स्थिर खर्च बसतो, ४,८०० टन विकले तर १८७.५० रुपये. भाव एक पैसाही न वाढता किलोमागे ११२.५० रुपये सुटले. म्हणून मी भावापेक्षा टनांकडे आधी पाहतो.

आणि हे शुल्क कायमचं नसतं. युरोपात अशा शुल्काची मुदत साधारण पाच वर्षं असते. फेरतपासणी मागितली नाही तर ते संपतं. मूल्यांकनात दहा वर्षांचा वाढीव नफा धरणाऱ्यांनी ही पाच वर्षं मोजावीत. अमेरिकेचं उदाहरण तर ताजंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं गेलं. सरकारने दिलेला फायदा सरकारी आदेशाने जाऊही शकतो.

प्रश्न: तिमाही निकालाची वाट न पाहता निर्यात वाढतेय का, हे आम्हाला घरबसल्या कळू शकतं का?

बऱ्याच अंशी कळू शकतं, आणि फुकट. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ‘ट्रेडस्टॅट’ नावाची आयात-निर्यात आकडेवारी आहे. मासिक निर्यातीत आठ अंकी कोड टाका: २९१२४१०० (व्हॅनिलिन). देशनिहाय प्रमाण आणि मूल्य दोन्ही काढा आणि मूल्याला प्रमाणाने भागा. तो सरासरी भाव. एककं नीट पाहा, कारण लाख रुपये आणि हजार किलो यांची गल्लत झाली की उत्तर शंभरपट चुकतं.

एका महिन्यावर उडी मारू नका. एक कंटेनर ३० तारखेऐवजी २ तारखेला बंदरातून सुटला तरी महिना रिकामा दिसतो. तीन महिन्यांची चालती सरासरी धरा. आकडे दीड-दोन महिने उशिरा येतात आणि त्यांत देशातून जाणारं सगळं व्हॅनिलिन असतं, एकाच कंपनीचं नव्हे. इथाइल व्हॅनिलिन वेगळ्या कोडखाली येतं (२९१२४२ ने सुरू होणारा). ते साध्या व्हॅनिलिनपेक्षा काही पट तीव्र असल्याने कमी लागतं. त्यामुळे शुल्काच्या कुठल्याही आदेशात पहिल्यांदा हे वाचायचं, की शुल्क दोन्हींवर आहे की एकावरच. एकावरच असेल, तर काही ग्राहक पाककृती बदलून दुसऱ्याकडे वळतात.

प्रश्न: अँटिऑक्सिडंटचा (खाद्यपदार्थ टिकवणाऱ्या रसायनांचा) जुना धंदा विकून टाकून कॅमलिन फाइनने फक्त व्हॅनिलिनवर लक्ष का देऊ नये? नुसत्या स्वादाच्या कंपनीला बाजार जास्त पी/ई (शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा नफा) देतो.

कारण रसायनशास्त्र परवानगी देत नाही. फिनॉलवर हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया केली की कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन दोन्ही एकत्र तयार होतात. उत्प्रेरक बदलून त्यांचं प्रमाण थोडंफार हलवता येतं, पण एकच हवं म्हटलं तर मिळत नाही. कॅटेकॉलपासून ग्वायाकॉल, त्याला ग्लायऑक्सिलिक आम्ल जोडून आणि नंतर ऑक्सिडीकरण करून व्हॅनिलिन. हायड्रोक्विनोनपासून खाद्यतेलं खवट होऊ न देणारं टीबीएचक्यू.

रेणूभाराच्या हिशेबाने एक टन व्हॅनिलिनला ०.७२ टन कॅटेकॉल लागतं, तूट धरली की त्याहून जास्त. म्हणजे ६,००० टनांची क्षमता पूर्ण चालवायची तर ४,३०० टनांहून अधिक कॅटेकॉल हवं, आणि त्यासोबत हायड्रोक्विनोनचा ढीग आलाच. तो खपला नाही तर त्याचा खर्च व्हॅनिलिनच्या माथी बसतो. तेव्हा अँटिऑक्सिडंटचा विभाग कंटाळवाणा दिसला तरी निकालात त्याचा खप आधी पाहा. फिनॉलचा भावही पाहा, कारण साखळीचं पहिलं टोक तेच आहे.

प्रश्न: कॅमलिन फाइनचा चीनमधला संयुक्त प्रकल्प फसला, तो कंपनीचा दोष की नशीब?

निंगबोमधल्या वांगलाँगसोबतच्या कंपनीत कॅमलिन फाइनचा ५१ टक्के हिस्सा होता. जियाशिंग झोंगहुआ या व्हॅनिलिन उत्पादकाने आपली प्रक्रिया चोरल्याचा दावा लावला. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने वांगलाँग पक्षाविरुद्ध १५.९ कोटी युआनची भरपाई ठरवली. प्रक्रिया वापरायला मनाई झाली की कारखान्याची किंमत भंगारापुरती उरते. दोष-नशीब बाजूला ठेवू. ५१ टक्क्यांनी नियंत्रण मिळतं, पण तंत्रज्ञान कुणाच्या मालकीचं आहे याची खात्री मिळत नाही. संयुक्त प्रकल्पाची घोषणा आली की भागीदाराची प्रक्रिया कुठून आली, हा प्रश्न कॉनकॉलमध्ये (निकालानंतर व्यवस्थापनाशी होणाऱ्या फोनवरच्या चर्चेत) क्वचित कुणी विचारतं.

प्रश्न: एस. एच. केळकरचा शेअर जिवोदाँ या स्विस स्वाद-सुगंध कंपनीच्या मानाने कितीतरी स्वस्त पी/ईवर मिळतो. ही दरी भरून निघेल का?

आधी धंदा पाहू. १९२२ मध्ये सुरू झालेली ही मुंबईची कंपनी प्रामुख्याने सुगंधाची आहे: साबण, पावडर, अगरबत्ती. स्वादाचा वाटा लहान आहे. जिवोदाँमध्ये स्वाद आणि सुगंध जवळपास निम्मे-निम्मे आहेत आणि ग्राहक जगभरातल्या मोठ्या कंपन्या. त्या ‘पसंतीच्या पुरवठादारांची’ छोटी यादी ठेवतात. यादीत नाव नसेल तर नव्या उत्पादनाचं काम विचारलंही जात नाही.

स्वाद-सुगंधाचं तयार मिश्रण विकणाऱ्याचा फायदा इथेच आहे. शीतपेयात स्वादाचं प्रमाण टक्क्याच्या काही दशांशाएवढं असतं. खर्चातला वाटा किरकोळ, पण चव बदलली तर ब्रँड बुडतो. त्यामुळे ग्राहक सहसा सोडून जात नाही. व्हॅनिलिनच्या पिशवीला असं कवच नसतं. केळकरचे ग्राहक मात्र बरेचसे मध्यम आणि छोटे. ते लवकर बदलतात आणि उधारीही लांबवतात. पी/ईची बरीचशी दरी यानेच पडते, ‘बाजाराचं लक्ष नाही’ हे त्यामागचं कारण नव्हे. शिवाय जिवोदाँने २०१९ मध्ये पुण्याजवळ रांजणगावला स्वादाचा कारखाना उभारला आहे. स्पर्धा दारातच आहे.

केळकरच्या वाशिवली कारखान्यातल्या २०२४ मधल्या आगीबद्दलही विचारलं आहे. अशा वेळी जळालेली मालमत्ता आणि साठा ‘अपवादात्मक बाब’ म्हणून एका तिमाहीत खर्ची पडतो. विम्याची रक्कम, तिची खात्री पटेल तसतशी, पुढच्या तिमाहींत येते. दोन्ही बाजूला काढून नफा मोजा. विम्याचे पैसे आलेल्या तिमाहीचा ईपीएस (दर शेअरमागचा नफा) चौपट करून पी/ई काढणारे महाभाग आहेत.

प्रश्न: कच्च्या मालाचा भाव वाढला की अशा कंपनीचा साठा महाग होतो, म्हणजे फायदाच ना?

एकदाच. ब्रिटनमधल्या ट्रीटचं उदाहरण घ्या. १८८६ पासूनची ही कंपनी लिंबूवर्गीय तेलांवर उभी आहे. फ्लोरिडात २००३-०४ च्या हंगामात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. सिट्रस ग्रीनिंग रोग आणि वादळांनंतर २०२४-२५ मध्ये जेमतेम सव्वा कोटी. ब्राझीललाही फटका बसला आणि संत्र्याच्या तेलाचे भाव विक्रमी झाले. स्वस्तात घेतलेला साठा महाग विकताना पहिल्या टप्प्यात नफा दिसतो. मग तोच साठा नव्या भावाने भरावा लागतो. कर्ज वाढतं, आणि दरम्यान ग्राहक ऑर्डर पुढे ढकलतो किंवा तेल कमी लागेल अशी पाककृती करतो. २०२५ मध्ये ट्रीटने नफ्याचा अंदाज खाली आणला, त्यात महाग संत्र्याचा हात होता. भाव उतरला की उलटा फटका, कारण हिशेबाच्या नियमाने साठा खरेदी किंमत आणि विक्रीतून मिळू शकणारी किंमत यांतल्या कमी आकड्याने दाखवावा लागतो.

ताळेबंदात साठ्याचे दिवस काढा: साठा भागिले विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले ३६५. हा आकडा वाढत असताना विक्री वाढत नसेल, तर नफ्यापेक्षा कामकाजातून आलेल्या रोख रकमेवर विश्वास ठेवा.

प्रश्न: मादागास्करच्या व्हॅनिला शेंगांचा भाव कोसळला. व्हॅनिलिनला धोका?

जवळजवळ नाही. शेंगेत व्हॅनिलिन साधारण २ टक्के असतं. भाव कितीही पडला तरी शेंगेतलं व्हॅनिलिन कृत्रिमपेक्षा कितीतरी महागच राहतं. ‘नैसर्गिक’ असं लेबल हवं असलेला ग्राहक मुळात वेगळा आहे.

प्रश्न: राइट्स इश्यू (जुन्या भागधारकांना ठरावीक भावाने नवे शेअर) आला. पैसे भरायची इच्छा नाही, गप्प बसलं तर चालेल?

नुकसान होईल. समजा भाव २०० आहे आणि चार शेअरमागे एक नवा १५० रुपयांना मिळतो. चार जुने ८०० रुपयांचे, अधिक १५०, भागिले पाच: इश्यूनंतरचा सैद्धांतिक भाव १९०. म्हणजे प्रत्येक हक्काची किंमत ४० रुपये. तुमच्याकडे ४०० शेअर असतील तर १०० हक्क डीमॅट खात्यात ‘आरई’ (राइट्स एंटाइटलमेंट) म्हणून जमा होतात. त्यांची किंमत झाली ४,००० रुपये. भरायचं नसेल तर ते बाजारात विका. आरईची खरेदी-विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते, त्यामुळे पत्रातल्या दोन्ही तारखा पाहा. अर्जही केला नाही आणि विकलेही नाहीत, तर हक्क रद्द होतात. बाजारातून आरई विकत घेणाऱ्यानेही अर्ज करून १५० रुपये वेगळे भरायचे असतात. हे न कळल्याने पैसे गमावणारे दर इश्यूत सापडतात.