झोप सोडून बाकी सगळं करतेयस

अगं पोरी,

रविवारी चार वाजल्यापासून पोटात गोळा येतो, सोमवारी ठाणे गेलं की तळहाताला घाम, आणि ऑफिसच्या ग्रुपवर नुसतं 'कॉल मी' दिसलं तरी छातीत धस्स होतं, हे सगळं वाचलं. गोळ्या नकोत, काहीतरी नॅचरल सांग म्हणतेस. सांगते, पण तुला आवडणार नाही. झोप.

तोंड वाकडं करू नकोस. शनिवारी रात्री तीनपर्यंत सिरीज, रविवारी अकराला उठणार, मग रविवारी रात्री झोप येणार कुठून? शरीराच्या घड्याळाला वाटतं अजून दिवसच चाललाय, आणि तू अंधारात पडून सोमवारच्या मीटिंगची रिहर्सल करतेस आणि डोंबिवलीहून लवकरची लोकल पकडायची म्हणून साडेपाचला अलार्म असतोच. झोप कमी पडली की मेंदूतला तो भीतीचा भाग, अमिग्डाला, साध्या मेसेजलाही भडकतो. म्हणजे सोमवारची निम्मी भीती तू शनिवारी रात्रीच तयार करून ठेवतेस. रविवारीसुद्धा सातला उठ. दुपारी वीस मिनिटं पड हवं तर, पण सातला उठच आणि उठल्यावर गॅलरीत उजेडात उभी राहा, फोन आतच ठेवून.

आता ती संध्याकाळी सहाची कॉफी. कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे रात्री अकराला तू अर्धा मग पिऊनच अंथरुणावर पडतेस. टपरीवरचं कटिंगही दुपारी दोननंतर बंद. मैत्रिणींसोबत खाली जा, गप्पा मार, चहा मात्र त्यांना पिऊ दे.

अश्वगंधाचं विचारलंस. तुझी थायरॉईडची गोळी चालू आहे ना? मग डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, अश्वगंधाने थायरॉईडचं गणित हलतं आणि काही जणांच्या लिव्हरलाही त्रास झाल्याची नोंद आहे. झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, हे कोणी सांगितलं तुला?

श्वासाचं मात्र खरंय, आणि त्याला मॅट लागत नाही. लेडीज डब्यात चेंगरून उभी असलीस तरी कळव्याची खाडी आली की सुरू कर, चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाचेक मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून बाहेरचा लांब ठेवायचा. संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरून लगेच घुसू नकोस गर्दीत, एक गाडी सोड, वीस मिनिटं बाहेर चाल. चाललीस की रात्री झोप लागते. बघ, परत झोपेवरच आले.

मी रात्री नऊनंतर ऑफिसचा फोन उचलत नसे. त्यापायी माझ्याहून ज्युनिअर पोराला प्रमोशन मिळालं, घरी सगळे म्हणाले हट्टीपणा नडला. नडला असेल. त्या पगारात ठाण्याला घर झालं असतं हे अजूनही टोचतं, खोटं कशाला बोलू. पण बरोबरचे कितीजण चाळिशीत बीपीची गोळी घ्यायला लागले ते मी बघितलंय, आणि मी अजूनही दहाला आडवी होते ती सकाळीच उठते. हट्टीपणा म्हणा नाहीतर काही म्हणा.

आणि हो, यात सगळा दोष तुझा नाही. डब्ल्यूएचओनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. मॅनेजर रात्री अकराला एक्सेल मागत असेल तर तुझ्या प्राणायामाने तो सुधारणार नाही. त्याला 'सकाळी नऊला पाठवते' एवढंच लिहायचं, सॉरी न लावता.

हे करूनही दोन-तीन आठवड्यांत धडधड कमी झाली नाही, किंवा जगणंच नको वाटलं, तर माझ्या पत्रावर अवलंबून राहू नकोस. जगणं नको वाटलं तर मात्र त्याच क्षणी १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलतात. केईएमला मानसोपचाराची ओपीडी आहे, मी येते सोबत.

राजीनाम्याचं आत्ता नाही. रात्री दीडला टाईप केलेला राजीनामा अपुऱ्या झोपेचा असतो, तुझा नसतो. आधी तीन आठवडे नीट झोप. त्यानंतरही सोडायचंच म्हणालीस तर तुझ्या बाबांशी मी बोलते, ते माझ्यापुढे फार वेळ टिकत नाहीत.

तुझी ताई